डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट (वजन) नव्हे

गाडीच्या इंजिन ऑइलवरच्या एका लेखात म्हटलंय, 'आपल्या उन्हाळ्यात जाड ऑइलच बरं.' याच समजुतीने मी हात पोळून घेतलेत. आमच्या गॅरेजवाल्याने "साहेब, नागपूरचं ऊन आहे, पातळ ऑइल टिकायचं नाही" म्हणत माझ्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल ओतलं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० स्पष्ट छापलेलं, पण ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडून! डिसेंबरात सकाळी सेल्फ मारला की चार-पाच सेकंद इंजिनाच्या वरच्या भागातून टकटक, अ‍ॅव्हरेजही घसरलं.

अहो, बाहेर ४५ अंश असो की १०, तापलेल्या इंजिनातलं ऑइल साधारण ९०-१०० अंशांवरच असतं. इंजिनाचं तापमान आवरणारा थर्मोस्टॅट मग कशाला दिलाय? ५डब्ल्यू-३० मधला दुसरा आकडा (३०) १०० अंशांवरचा घट्टपणा सांगतो, डब्ल्यूआधीचा पहिला (५) थंडीतला. आणि थंड इंजिनात ५डब्ल्यूसुद्धा तापलेल्या ऑइलपेक्षा कितीतरी पट घट्ट असतं, त्यामुळे पहिला आकडा लहान असला म्हणून उन्हाळ्यात काही बिघडत नाही. नव्या इंजिनांत बेअरिंगमधली फट बारीक, शिवाय व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. तिथे काकवी ओतून कसं चालेल?

जुनी, ऑइल पिणारी गाडी असेल आणि मॅन्युअलच्या तक्त्यात दुसरा आकडा ४० असलेलं ऑइल दिलं असेल, तर ते जरूर टाका. मी मात्र आता ५डब्ल्यू-३०चा डबा स्वतः विकत नेतो आणि सील माझ्यासमोर फोडायला लावतो. गॅरेजवाला तोंड वाकडं करतो, पण टकटक गेली.