‘शेअर ऑपरेटर पाडतात’ म्हणणाऱ्यांना एका गलाईवाल्याचं उत्तर

दिवाळीपासून एक मजकूर आमच्या लोकांच्या मोबाइलवर फिरतोय. आमचे म्हणजे विटा, खानापूर, आटपाडीकडचे. तिकडची कितीतरी घरं पिढ्यान् पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत, देशभर पांगलेली. रोजचा हात सोन्यात, त्यामुळे सोनं शोधणाऱ्या कंपनीचा शेअर म्हटलं की आमचा माणूस फार विचार करत नाही. मीही केला नव्हता. २०१७ साली अशाच एका कंपनीचे पाच हजार शेअर ५२ रुपयांनी घेतले, ते आजही माझ्याकडे आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हाच मजकूर नाव बदलून दुसऱ्या कंपन्यांसाठीही फिरू शकतो.

मजकुराचा सारांश असा: सोनं लाखाच्या वर गेलंय, म्हणजे आपला शेअर वाढलाच पाहिजे. कंपनीकडे जमिनीत दहा टन सोनं आहे, म्हणजे दहा हजार कोटी. शेअर वीस कोटी, म्हणजे एका शेअरमागे पाचशे रुपये, आणि बाजारात मिळतोय चाळीसला. प्रयोगशाळेचे अहवाल खोटं बोलत नाहीत. भाव पाडतायत ते ऑपरेटर (संगनमताने भाव वर-खाली करणारे) आणि शॉर्टवाले (हाती नसलेले शेअर आधी विकणारे). उशीर झाला तो सरकारमुळे. विकू नका, खाली आला की सरासरी करा. शंका काढणारे विकले गेलेले आहेत.

लिहिणाऱ्याची तगमग मला कळते. आठ वर्षं पैसे अडकले की माणूस कशावर तरी विश्वास ठेवतो. पण या मजकुराने लोक आणखी पैसे घालतायत. परवा एका नात्यातल्या मुलाने मुलीच्या शिक्षणासाठीची ठेव मोडली. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जमिनीत दहा टन, म्हणजे दहा हजार कोटी.’

गुणाकार बरोबर आहे. दहा ग्रॅमला एक लाख धरले तर एक टन सोन्याचे हजार कोटी होतात. चूक ‘सोनं आहे’ या दोन शब्दांत आहे. जमिनीत असतो तो दगड. टनाला दोन ग्रॅम सोनं असलेला दगड समोर ठेवला तर दुकानात आयुष्य गेलेल्या माझ्या वडिलांनाही त्यात सोनं दिसणार नाही. वीस टनांचा एक हायवा भरून दगड आणला तर त्यात ४० ग्रॅम. म्हणजे दहा टनांसाठी असे अडीच लाख हायवे. तो दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या पाण्यात ठेवायचा, आणि एवढं करून त्यातलं सगळं सोनं हाती येत नाही ते नाहीच. शिवाय त्या दगडापर्यंत पोचायला वरचा बिनसोन्याचा दगड आधी उपसावा लागतो, त्याचे हायवे वेगळे. जमीन, वीज, पाणी, गावकऱ्यांची भरपाई, रॉयल्टी हे सगळं त्या दहा हजार कोटींतून वजा होतं. आणि कधीकधी उत्तर शून्याच्या खाली जातं, तेव्हा दगड तिथेच राहतो.

दुसरी गोष्ट, साठ्याला पायऱ्या असतात. आपल्याकडच्या अहवालात ३३३ असा आकडा दिसला तर तो ‘अनुमानित’ साठा. जमिनीत दूरदूर ड्रिल करून घेतलेल्या थोड्या छिद्रांवरून बांधलेला अंदाज. त्यातून खाण निघेलच असं तो अहवाल लिहिणारा भूवैज्ञानिकसुद्धा म्हणत नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रमध्ये तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडल्याची बातमी देशभर गेली. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: ५२,८०६ टन खनिज, टनाला सरासरी ३.०३ ग्रॅम, म्हणजे एकूण सोनं साधारण १६० किलो. दगडाचे टन आणि सोन्याचे टन यांत केवढा फरक आहे, हे त्या आठवड्यात सगळ्या देशाने पाहिलं.

‘प्रयोगशाळा खोटं बोलत नाही.’

नाही बोलत, मान्य. पण तिला विचारलेला प्रश्न कोणता? आमच्या धंद्यात पोरगं दुकानात आलं की पहिलं शिकतं ते हे: मुशीत जे टाकाल तेच निघतं. भट्टी प्रामाणिक असते. गिऱ्हाइकाने आणलेली लगड कुठून आली, मधे काय मिसळलं, हे भट्टीला माहीत नसतं. खाणीच्या नमुन्याची परीक्षाही आमच्या कामाचीच थोरली बहीण आहे. तीस-पन्नास ग्रॅम दगडाची भुकटी, शिशाचं ऑक्साइड आणि टाकणखार घालून वितळवायची. सोनं शिशात उतरतं. मग ते शिसं हाडांच्या राखेच्या वाटीत तापवलं की वाटी शिसं पिऊन टाकते आणि तळाशी मोहरीहून बारीक रवा उरतो. तो रवा खराच असतो. पिशवीतली भुकटी खरोखर त्याच छिद्रातली होती का, हे रवा सांगत नाही.

कॅनडातल्या ब्रे-एक्स कंपनीची गोष्ट यासाठीच जगाला माहीत आहे. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या बुसांग इथे सात कोटी औंस सोनं असल्याचा दावा होता. कंपनीचं बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेलं. १९९७ च्या मार्चमध्ये कंपनीचा भूवैज्ञानिक मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून पडून मेला, आणि काही दिवसांतच फ्रीपोर्ट-मॅकमोरान या अमेरिकन खाण कंपनीने स्वतः छिद्रं घेऊन सांगितलं की इथे नगण्य सोनं आहे. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र सल्लागार कंपनीच्या तपासणीने शिक्कामोर्तब केलं: नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलेलं. त्यातले कण नदीतल्या सोन्यासारखे घासलेल्या कडांचे होते. छिद्रातून निघणाऱ्या दगडाच्या कांडीचा अर्धा भाग पुढच्या तपासासाठी राखून ठेवण्याची रीत असते. तिथे बहुतेक कांड्या सगळ्याच्या सगळ्या दळल्या होत्या. ऑन्टारियोच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीचे पैसे त्यात बुडाले, मग किरकोळ माणसांचं काय विचारता.

माझ्या कंपनीने असं काही केलं असं मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. मी एवढंच विचारतो की अर्ध्या कांड्या ठेवल्यात का आणि दुसऱ्या कुणी त्या तपासल्यात का. या प्रश्नाचा राग यायचं कारण नाही.

‘सोनं लाखावर, मग शेअर वाढलाच पाहिजे.’

ज्याच्याकडे विकायला सोनं आहे त्याला भाव मिळतो. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण सोनं काढते, तिला तेजीचा फायदा आहे. शोध घेणारी कंपनी सोनं विकत नाही. ती डिझेल विकत घेते, छिद्रांचं कंत्राट देते, पगार देते. तेजीत तिला पैसे उभे करणं सोपं जातं, हे खरं. पण ते पैसे नवे शेअर काढून येतात, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

‘ऑपरेटर आणि शॉर्टवाले पाडतायत.’

आमचा शेअर बराच काळ शेअर बाजाराच्या ‘टी’ गटात होता. तिथे प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी सक्तीची, त्याच दिवशी घेऊन-विकून मोकळं होता येत नाही. ज्याच्याकडे शेअर नाही तो विकणार काय? हाती शेअर नसताना विकायचं तर फ्युचर्स (पुढच्या तारखेचे सौदे) लागतात, आणि ते निवडक मोठ्या कंपन्यांचेच असतात, असल्या छोट्या कंपनीचे नाहीत. मग विकतं कोण? ज्यांच्याकडे शेअर आहेत ते.

त्यांना ते कुठून मिळाले हे वार्षिक अहवालात छापलेलं आहे. मी एका रविवारी दुकान बंद करून आठही अहवाल लादीवर मांडले आणि एकच ओळ शोधत गेलो, एकूण शेअरची. पहिल्या अहवालात सात कोटी. मग प्रेफरन्शियल इश्यू (निवडक लोकांना दिलेले नवे शेअर), मग वॉरंट (ठरल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क), मग आणखी एक इश्यू. शेवटच्या अहवालात वीस कोटी. तेव्हा माझा वाटा चौदा हजारांत एक होता, आता चाळीस हजारांत एक. माझे पाच हजार शेअर तेवढेच राहिले, ताट मात्र दुसऱ्यांत वाटलं गेलं.

मग वहीत दोन गुणाकार केले. ५२ गुणिले सात कोटी, ३६४ कोटी. ४० गुणिले वीस कोटी, ८०० कोटी. म्हणजे कंपनीचं बाजारमूल्य दुपटीहून वाढलंय आणि माझा शेअर खाली आलाय. कुणी पाडापाडी केली असती तर बाजारमूल्य वाढलं असतं का? त्या रात्री मला झोप लागली नाही.

प्रवर्तक नसलेल्या ज्यांना असे शेअर मिळतात, त्यांच्यावरचं न विकण्याचं बंधन आता सहा महिन्यांचं आहे. ते संपलं की ते विकू शकतात, आणि त्यात बेकायदा काही नाही. असा इश्यू काढायला विशेष ठराव लागतो, पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात. ई-मतदानाचे मेल मलाही आले होते. मी एकदाही उघडले नाहीत.

‘उशीर सरकारमुळे झाला.’

या मुद्द्यात बरंच तथ्य आहे. पूर्वी आधी येईल त्याला आधी, अशी रीत होती: पाहणीचा परवाना, मग शोधाचा, मग खाणपट्टा. १२ जानेवारी २०१५ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव आले. ज्यांनी आधीच शोधावर पैसे घातले होते त्यांच्यासाठी खाण कायद्याच्या कलम १०अ(२)(ब)ने दार उघडं ठेवलं. मी शेअर घेतले ते याच भरवशावर. ‘आपला अर्ज वाचलेला आहे’ असं मला सांगितलं गेलं होतं. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने ते दारही बंद झालं. वर्षानुवर्षं काम केलेल्यांवर हा अन्याय झाला असं मला आजही वाटतं.

पण त्याच दुरुस्तीत अशा क्षेत्रांवर झालेल्या खर्चाची भरपाई देण्याची तरतूद आहे. आमच्या कंपनीने ती मागितली का, किती मागितली, हे मला अहवालात सापडलं नाही. आणि मजकुरातल्या त्या दहा टनांत या गेलेल्या क्षेत्राचे टन अजून धरलेले आहेत. मी बेरीज तपासली. ते क्षेत्र वगळलं तर दहाचे जेमतेम चार उरतात. सरकारला दोष द्यायचा आणि सरकारने काढून घेतलेली जमीन मात्र आपल्या खात्यात मोजायची, असं चालणार नाही.

‘सरासरी करा.’ चाळीसला आणखी पाच हजार घेतले की सरासरी ४६ होते. कागदावरचा आकडा बदलतो, जमिनीतला दगड बदलत नाही. उसनवारी करून तर मुळीच नको.

‘शंका काढणारे विकले गेलेत.’ माझे पाच हजार शेअर डीमॅटमध्ये आहेत, कुणालाही स्टेटमेंट दाखवतो.

राग कुठे काढायचा तेही सांगतो. कंपनी कायद्याच्या १५१ व्या कलमात शेअर बाजारात नोंदलेल्या (लिस्टेड) कंपनीवर छोट्या भागधारकांचा एक संचालक निवडता येतो. ज्याच्या शेअरचं दर्शनी मूल्य वीस हजारांपर्यंत आहे तो छोटा भागधारक. अशा हजार जणांनी, किंवा एकूण छोट्या भागधारकांच्या एक दशांशांनी, यांत जी संख्या कमी तितक्यांनी नोटीस द्यायची. वार्षिक सभा आता घरबसल्या व्हिडिओवर होते. आधी नाव नोंदवलं तर बोलायलाही मिळतं. मी नाव दिलंय. माझे प्रश्न चार आहेत: गेल्या वर्षी किती मीटर छिद्रं घेतली, गोळा केलेल्या पैशातले किती जमिनीत गेले आणि किती कार्यालयात, २०२१ ची भरपाई मागितली का, आणि दहा टनांचा आकडा कंपनी स्वतः दुरुस्त करून जाहीर करणार का.

नोटिशीसाठी नावं गोळा करतोय. कोइम्बतूर, सेलम, दिल्ली, जिथे जिथे आपली दुकानं आहेत तिथे फोन लावतोय. काल रात्रीपर्यंत ११२ झाली. हा मजकूर मला पाठवणाऱ्यांपैकी तिघांची नावं त्यात आहेत.