आधी दार सोडा

सकाळच्या फास्ट लोकलला अपंगांच्या डब्याच्या दारात जे धडधाकट लोक उभे असतात, त्यांच्याशी मला बोलायचंय. लॅपटॉपची बॅग पोटाशी, कानात इअरफोन, पाठ दारातल्या खांबाला टेकलेली. मी खाली डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर, पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, आणि काखेत कुबडी. गाडी थांबते जेमतेम वीस-तीस सेकंद. तेवढ्यात कुबडी आधी वर टेकवायची, खांब धरायचा, मधली फट ओलांडायची आणि अंग वर ओढायचं. आणि तो खांबच तुम्ही पाठीने अडवून ठेवलेला असतो.

काही बोललं की सगळ्यांची उत्तरं तयार. 'डबा रिकामाच होता.' 'ठाण्याला उतरायचंय हो.' 'मी कुठे बसलोय? उभाच आहे ना. या काका, बसा तुम्ही.' हे शेवटचं माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जातं, कारण बोलणाऱ्याला खरोखर वाटत असतं की आपण मन मोठं केलं. अहो, सीटचं नंतर बघू! सीटपर्यंत पोचायला आधी दार लागतं. तुम्ही गर्दीच्या रेट्याने आत जाता, कुणी ढकललं तर उलट बरंच होतं. मला रेटा बसला की मी पडतो. कॅलिपरला गुडघ्यापाशी लॉक असतो, त्यामुळे पाय ऐनवेळी वाकत नाही. तोल गेला की माणूस सरळ आडवा. तसं होऊ नये म्हणून तर हा एवढासा कप्पा वेगळा काढलाय. तुम्ही बसलात काय आणि दारात उभे राहिलात काय, माझ्यासाठी दोन्ही सारखंच. खरं तर उभे राहता तेच जास्त नडतं.

हा डबा जिथे लागतो तिथे प्लॅटफॉर्मवर बीप वाजत असतो. तुम्हीही तो रोज ऐकता. ज्यांना दिसत नाही ते त्या आवाजाच्या रोखाने काठी टेकत येऊन थांबतात आणि गाडी आली की हाताने दार चाचपतात. हाताला लागतं कुणाचं तरी पोट, कुणाची तरी सॅक. काठी बुटाखाली जाते. तुम्ही 'सॉरी सॉरी' म्हणून अंग चोरता, पण खाली मात्र उतरत नाही.

चढण्याचं झालं, आता उतरण्याचं. मध्यंतरी ठाण्याला मला उतरताच आलं नाही. मी आधीपासून ओरडत होतो, 'उतरायचंय, उतरायचंय.' पण गाडी थांबताक्षणी बाहेरून पुन्हा तसलाच लोंढा आत. थेट घाटकोपर. मग पुलाचे जिने चढून, पलीकडे उतरून उलटी गाडी पकडायची. लिफ्ट होती. लिफ्टसमोर कोण उभं होतं? सगळे पायांनी ठणठणीत. त्यातल्या कुणालाही मागे सरावंसं वाटलं नाही. ऑफिसात लेटमार्क लागला तो माझ्या नावावर.

'जनरलची गर्दी बघा की' असं मला सांगू नका. बघतो. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं गाडीतून पडून मेली, ते सगळ्यांनी पाहिलंय. ही गर्दी जीव घेते हे मला मान्य आहे, तुमचा राग रास्त आहे. पण मग तो राग घेऊन गाड्या वाढवा म्हणून भांडा, आम्ही बरोबर येतो. ज्यांना पळता येत नाही त्यांची जागा बळकावून तो प्रश्न सुटणार आहे का?

आणि आता नवीनच सुरू झालंय, आम्हालाच अपंगत्वाचं कार्ड विचारायचं. कॅन्सरच्या पेशंटना आणि गरोदर बायकांना या डब्यातून जाता येतं. परेलला टाटा हॉस्पिटलला जाणारी एक मुलगी, डोक्याला स्कार्फ, चेहरा पार उतरलेला. तिला ऐसपैस बसलेला एक पहिलवान विचारतो, 'तुम्हाला काय झालंय?' त्याच्या स्वतःच्या खिशात काहीही नव्हतं! २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. वरून बघून कळत नाहीत ते. म्हणून मी कुणाच्या हातापायांकडे बघून वाद घालत नाही. मी बोलतो ते 'रिकामा होता' म्हणणाऱ्यांशी, कारण हा डबा आपला नाही हे त्यांनी आपल्या तोंडानेच सांगितलेलं असतं.

याच कायद्याचं कलम ९२ म्हणतं, अपंग माणसाचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. 'लंगड्या, गप बस' म्हणणाऱ्याने हे ऐकून ठेवावं. रेल्वे कायद्याचं कलम १५५ आहे: दुसऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा सोडायला नकार दिला तर उतरवता येतं, वर ५०० रुपयांपर्यंत दंड. पण उतरवणार कोण? पुष्कळदा त्याच डब्यात खाकी वर्दीतले दोघे-तिघे आरामात बसलेले असतात. ते बघून कॉलेजच्या पोराला वाटतं, हे चालतंय. रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला फोन लावा म्हणतात. लावतो. पण कुणी येईपर्यंत ते लोक ठाण्याला उतरून गेलेले असतात आणि त्यांच्या जागी नवे चढलेले असतात.

त्यामुळे माझ्या हातात राहतं फक्त तोंड. डब्यातले बाकीचे मला म्हणतात, 'जाऊ दे, रोज कशाला डोकं लावतोस?' त्यांचं बरोबर असेल, रोजच्या प्रवासात रोज वैर कुणाला परवडतं! पण मी उद्याही बोलणार आहे, मोठ्याने, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं. मला भांडखोर म्हणायचं तर म्हणा. त्या खांबापासून मात्र बाजूला व्हा.