साभार परत तरी करा

दिवाळी अंक बाजारात आले की पुण्याच्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर ठरलेलं रडगाणं सुरू होतं, नव्या कवीला मानधन नाही, अलक, म्हणजे चार ओळींची अति लघु कथा, लिहिणाऱ्याला तर स्वतःचा अंकसुद्धा विकत घ्यावा लागतो, आणि मग कोणीतरी मला टॅग करणार, तुमच्या शिकागोत बघा, कवितेच्या मासिकाकडे कसे डॉलर आहेत.

आहेत ना. इथलं 'पोएट्री' १९१२चं, म्हणजे का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाच्या पहिल्या दिवाळी अंकाहून तीनच वर्षांनी धाकटं. गेली कित्येक वर्षं कवितेच्या ओळीला १० डॉलर देतात. पण पैसे आले कुठून? रूथ लिली म्हणून एक बाई होत्या, औषध कंपनीच्या घराण्यातल्या. त्या या मासिकाला कविता पाठवायच्या आणि त्या परत यायच्या, एकही छापली नाही, पण संपादक जोसेफ पॅरिसी स्वतःच्या हाताने चार शब्द लिहून नकार कळवायचे. २००२मध्ये बाईंनी मासिकाला सुमारे १० कोटी डॉलर देऊन टाकले!

आणि आपल्याकडे? कविता मेल करायची, मग दिवाळीत दुकानात उभं राहून अनुक्रमणिका चाळायची. माझ्या मैत्रिणीची कविता छापून आली ती दुसऱ्याच्या कथेखाली उरलेल्या चार बोटं जागेत, शेवटचं कडवं गायब आणि खाली सराफाची जाहिरात. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन नव्या लेखकांना पत्रं लिहून कथा परत लिहायला लावायचे. प्रस्थापित मासिकांना वैतागून स्वतःची छोटी अनियतकालिकं काढणाऱ्या लिटल मॅगझिनवाल्यांचा 'सत्यकथे'वरचा राग काही खोटा नव्हता, पण निदान भांडायला समोर संपादक तरी होता.

अर्थात इथलं सगळंच गोड नाही. अशी मासिकं वाचतात कोण, तर बहुतेक स्वतः कविता लिहिणारे नाहीतर शिकवणारे. आपल्याकडे राशिभविष्यासाठी अंक उघडलेल्या काकूंना मधेच नवी कविता लागते आणि त्या नाक मुरडत का होईना वाचतात, हा वाचक पैसे टाकून मिळत नाही. उलट २०२०मध्ये कवींनीच 'पोएट्री' चालवणाऱ्या फाउंडेशनला जाहीर पत्र लिहून विचारलं की एवढ्या पैशाचं करता काय, आणि अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला.

मानधनासाठी भांडाच, पण त्याआधी संपादकांकडून महिन्याभरात हो की नाही एवढं तरी वदवून घ्या, मेलला तर पोस्टाचं तिकीटही लागत नाही.