‘गाळा आणि पुन्हा वापरा’ इतकं सोपं नाही

लेखात म्हटलंय की एस्टर (ॲसिड आणि अल्कोहोल जोडून होणारं संयुग; सोबत पाणी सुटतं) बनवताना उत्प्रेरक म्हणून सल्फ्युरिक ॲसिडऐवजी अँबरलिस्ट-१५ रेझिन (ॲसिडचे सल्फोनिक गट बसवलेले प्लॅस्टिकचे मणी) टाकलं की काम झालं, नंतर गाळून कितीही वेळा वापरा. पहिलं बरोबर, न्यूट्रलायझेशनचं, म्हणजे शेवटी ॲसिड उदासीन करताना होणारं, खारट सांडपाणी वाचतं. ‘कितीही वेळा’ मात्र नाही.

ब्युटाइल ॲसिटेटचंच घ्या. ॲसेटिक ॲसिड ६० ग्रॅम, एन-ब्युटानॉल ८९ ग्रॅम, कोरडं रेझिन ६-७ ग्रॅम, डीन-स्टार्क (सुटलेलं पाणी वेगळं गोळा करणारी काचेची नळी) लावून रिफ्लक्स, म्हणजे वाफ थंड करून परत भांड्यात सोडत उकळणं. हिशेबाने पाणी १८ मिली निघायला हवं. त्याहून बरंच जास्त आलं तर रेझिन ओलं होतं समजा. ओल्या रेझिनमध्ये निम्म्याहून अधिक पाणीच असतं, आणि हे पाणी सल्फोनिक गटांना चिकटून वेग मारतं. म्हणून आधी मेथॅनॉलने धुवा, ९०-१०० अंशांवर सुकवा. १२० च्या वर नेऊ नका, गट सुटून द्रावणात येतात.

ढवळायला भांड्याच्या तळाशी फिरणारा मॅग्नेटिक बार तर नकोच! मणी भरडले जातात, भुकटी फिल्टर तुंबवते. वरून फिरणारा स्टरर लावा. धुवायला नळाचं पाणी वापरलंत तर त्यातले कॅल्शियम-सोडियम सल्फोनिक गटांवरच्या जागा अडवतात. मग त्या मोकळ्या करायला १-२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुवा, त्यानंतर डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्याने, पीएच उदासीन होईपर्यंत.

आणि एक चाचणी कराच: साधारण अर्ध्या ॲसिडचं एस्टर झालं की गरम असतानाच रेझिन गाळून काढा, गाळलेलं द्रावण तापवत ठेवा. सोबत तुलनेसाठी रेझिनशिवायचा ब्लँक (तीच प्रक्रिया, पण रेझिन न टाकता) हवा, कारण ॲसेटिक ॲसिड स्वतःही थोडंफार काम करतं. गाळलेल्याचा वेग ब्लँकपेक्षा जास्त निघाला, तर ॲसिड रेझिनमधून गळतंय.