‘नॅनो चांदीचं पाणी’: पेशीत शिरतं हे खरं, पुढचं सगळं खोटं

आत्याने फोन केला तो सल्ला विचारायला नाही, काम सांगायला. सराफ बाजारात जाशील तेव्हा चांदीची दोन नाणी आण, शुद्ध हवीत, आणि येताना नऊ व्होल्टची बॅटरी. कशाला, असं विचारल्यावर तिने सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवरचा मेसेज पाठवला. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालणारी ही मंडळी, बहुतेक निवृत्त, त्यात दोन-चार माजी शिक्षकसुद्धा. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. ‘खूप उपयुक्त माहिती’ असं लिहिणारा माणूस तर मला अकरावीला फिजिक्स शिकवायला होता, म्हणून जास्त राग आला.

मेसेज ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. चांदीचे नॅनोकण इतके बारीक असतात की ते थेट प्रत्येक पेशीत शिरतात, आतले जंतू आणि विष मारतात आणि लघवीवाटे निघून जातात. चांगल्या पेशींना धक्काही लागत नाही. पूर्वी बाळाला चांदीच्या वाटीतून दूध पाजत ते याचसाठी. नासा अंतराळवीरांना हेच पाणी पाजते. जंतूंना याची सवय कधीच होत नाही. कोरोनाच्या लशीतून अंगात गेलेले ‘विषारी नॅनोकण’ हे पाणी बाहेर काढतं. घरीच करा: ग्लासभर पाण्यात दोन नाणी, बॅटरी जोडून तासभर ठेवा, बुडबुडे आले नाहीत तर चिमूटभर मीठ टाका. मोठ्यांना रोज एक ग्लास, लहान मुलांना दोन चमचे. सिंहस्थात रामकुंडाचं तीर्थ आणाल त्यातही घाला. आणि अर्थातच, डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत.

पेशीत शिरण्यापासून सुरू करतो. अख्ख्या मेसेजमध्ये तेवढंच एक खरं आहे, आणि भीती वाटायला हवी ती नेमकी त्याचीच.

एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी साधारण सात हजार नॅनोमीटर रुंद असते. चांदीचा नॅनोकण दहा-वीस-पन्नास नॅनोमीटरचा. एवढ्या आकाराचं काही पेशीच्या पटलाला चिकटलं की पटल तिथे खोलगट होतं, कणाभोवती मिटतं आणि त्याची पिशवी होऊन ती आत ओढली जाते. पेशी अन्नाचे बारीक कण, काही प्रथिनं अशीच आत घेते, तिला यात वावगं काही दिसत नाही. पिशवी पुढे लायसोसोमला जाऊन मिळते. लायसोसोम म्हणजे पेशीतली आम्लाची जागा, पीएच साडेचार-पाचच्या आसपास, टाकाऊ गोष्टी विरघळवण्यासाठी. तिथे चांदीही विरघळू लागते आणि चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सुटे अणू, बाहेर पडतात. कण बाहेर होता तेव्हा जे हळूहळू घडत होतं ते आता पेशीच्या पोटात, एका जागी, दाटीने घडतं.

या आयनांना गंधक लागतो. प्रथिनांमधले गंधकाचे गट दिसले की ते तिथे घट्ट बसतात. ग्लुटाथायोन हे पेशीचं स्वतःचं संरक्षक रसायन, त्यातही गंधक, तेही खर्ची पडतं. मग मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांचं, काम बिघडतं, ऑक्सिजनची आक्रमक रूपं साचतात, आणि ती डीएनएपर्यंत पोचतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली मानवी फुफ्फुसातल्या साध्या पेशींवर आणि मेंदूच्या कर्करोगाच्या पेशींवर चांदीचे नॅनोकण टाकून हे सगळं नोंदवलं: ऊर्जा घटली, मायटोकॉन्ड्रियाला इजा झाली, डीएनए तुटला. काचपात्रातल्या पेशी म्हणजे माणूस नाही, मान्य. पण ‘चांगल्या पेशींना धक्का लागत नाही’ हे लिहिणाऱ्याने निदान काचपात्रातल्या पेशी तरी पाहिल्या होत्या का?

आणि कण जंतू ओळखतो तरी कसा? त्याला डोळे नाहीत. रक्तात उतरताच त्याच्यावर अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांचा थर चढतो, पेशीला दिसतो तो हा थर. जंतू मरतात तेही कणाच्या हुशारीने नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात ऑक्सिजन पूर्ण काढून प्रयोग केला. ऑक्सिजनशिवाय चांदीचे आयन सुटत नाहीत, आणि आयन सुटले नाहीत तेव्हा त्या कणांच्या सहवासात ई. कोलाय जंतू मजेत राहिले. म्हणजे मारतो तो आयन. त्याला जंतूचा गंधक आणि आत्याचा गंधक यातला फरक कळत नाही. आतड्यातले उपयोगी जंतूसुद्धा त्याला तेवढेच चालतात.

बारीक म्हणून चांगलं, हा तर्कच उलटा आहे. एक सेंटिमीटरच्या चांदीच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. तोच दहा नॅनोमीटरच्या घनांमध्ये चिरला तर पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो, म्हणजे दोनेक टेनिस कोर्टांएवढा. चांदी तेवढीच, पण विरघळायला मोकळी जागा दहा लाख पट. म्हणूनच चांदीच्या वाटीचा दाखला इथे लागू पडत नाही. वाटीतून दुधात उतरतं ते नगण्य. पाजा बाळाला वाटीने, कोणी अडवलंय.

लघवीवाटे निघून जाते म्हणे. चांदी शरीराबाहेर पडते ती मुख्यतः पित्तातून, शौचावाटे, आणि सगळी पडत नाही. नेदरलँड्समध्ये उंदरांना महिनाभर तोंडावाटे चांदी देऊन नंतर आठ आठवडे थांबून तपासलं, त्याचा निबंध २०१२ चा. बहुतेक अवयवांतून ती उतरली होती. मेंदू आणि वृषण या दोन ठिकाणांहून उतरली नव्हती. दुसरी गंमत अशी, की ज्या उंदरांना कण न देता चांदीचं विरघळलेलं क्षार दिलं होतं त्यांच्या अवयवांतही कण सापडले. शरीराने स्वतःच बनवलेले.

इथे एक गोष्ट कबूल करावी लागते, नाहीतर कोणीतरी गुगल करून तोंडावर फेकेलच. युटा विद्यापीठाने निरोगी स्वयंसेवकांना बाजारातलं, मोजून बनवलेलं चांदीचं द्रावण पंधरवडाभर पाजलं आणि २०१४ साली छापलं की वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा बदल आढळला नाही. बरोबर आहे. पंधरवडा, ठरलेली मात्रा, निरोगी मोठी माणसं. यातलं एकही आपल्या स्वयंपाकघरातल्या बॅटरीला लागू नाही.

कारण बॅटरीचं गणित करता येतं, आणि ते मी दरवर्षी बारावीला फळ्यावर करतो. फॅरडेच्या नियमाने एक मिलिअँपिअर करंट तासभर वाहिला तर चांदी सुटते चार मिलिग्रॅम. पाव लिटरच्या ग्लासात ती सगळी राहिली तर लिटरला सोळा मिलिग्रॅम. काही नाण्यावर परत बसेल, काही तळाशी जाईल, म्हणून निम्मी धरू: आठ. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा आहे लिटरला ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे उदारपणे हिशेब करूनही ऐंशी पट. आणि एक मिलिअँपिअर हे मी कमीत कमी धरलंय. गंगापूर धरणाच्या पाण्याऐवजी सोसायटीतल्या बोअरचं पाणी घेतलंत तर करंट कितीतरी वाढतो. ग्लासात मीटर कोण लावतंय?

मुलांचे ‘दोन चमचे’ घ्या. दहा मिलिलिटरमध्ये याच हिशेबाने ०.०८ मिलिग्रॅम चांदी. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दररोजची जी मर्यादा धरली आहे ती किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या पोराला ०.०५. दोन चमच्यांतच ती ओलांडली, आणि हे रोज द्यायचं म्हणतात.

मिठाची चिमूट तर कळस आहे. मीठ पडलं की चांदीचं क्लोराइड होतं, पांढरं गढूळ, ते नॅनोचांदी राहतच नाही. प्रॅक्टिकलला क्लोराइड ओळखायची टेस्ट हीच: सिल्व्हर नायट्रेट टाका, पांढरा साका आला की लिहा ‘क्लोराइड आहे’. ज्याने कृती लिहिली तो नापास. वर मिठाने करंट वाढतो तो वेगळाच.

दरवेळी एखाद्याला काहीच होत नाही, हेही खरं. जे होतं ते सावकाश होतं, आणि दिसतं तेव्हा उपाय संपलेला असतो. साठलेली चांदी त्वचेत उन्हाच्या प्रकाशाने धातूरूपात येते आणि गंधक-सेलेनियमशी जुळून तिथेच रुतते. ब्राउन विद्यापीठाच्या रॉबर्ट हर्ट यांच्या गटाने २०१२ मध्ये ही साखळी उलगडून दाखवली. जुने कृष्णधवल फोटो चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडूनच उमटत, तेच रसायन. चेहरा, हात निळसर राखाडी होतात. कायमचे. याला आर्जीरिया म्हणतात. अमेरिकेत मोन्टाना राज्यातून २००२ ची सिनेट निवडणूक लढवलेले स्टॅन जोन्स हे याचं जगभर गाजलेलं उदाहरण. २००० साली संगणक बंद पडून अँटिबायोटिक मिळेनाशी होतील या भीतीने त्यांनी १९९९ पासून घरी केलेलं चांदीचं पाणी प्यायला सुरुवात केली. निवडणुकीला उभे राहिले ते निळसर चेहऱ्याने.

त्याच १९९९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, अंतिम नियम काढला: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकलं जाणारं, कोलॉइडल चांदी (द्रवात तरंगणारे चांदीचे बारीक कण) किंवा चांदीचे क्षार असलेलं कुठलंही औषध, पोटात घ्यायचं असो की वरून लावायचं, सुरक्षित आणि परिणामकारक मानलं जाणार नाही. कुठल्याही एका आजारासाठी नाही. तेव्हापासून हा नियम उभा आहे. ‘डॉक्टर सांगणार नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एवढा एक कागद शोधून वाचावा.

बाकीचे मुद्दे झटपट. अंतराळ स्थानकात रशियन बाजूच्या पाण्यात चांदीचे आयन असतात, हे खरं. साठवलेलं पाणी नासू नये म्हणून, तेही मोजून. नासाच्या बाजूला आयोडीन वापरतात, म्हणजे नेमकं नासाचं नाव चुकलं. भाजल्यावर लावायच्या मलमात चांदी असते, असं कोणी म्हणेल, तेही खरं. मलम आपण पीत नाही. जंतूंना सवय होत नाही, हे धादांत खोटं: बोस्टनच्या रुग्णालयात भाजलेल्यांच्या वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला १९७५ मध्येच नोंदवला गेला.

आणि लशीतले नॅनोकण. मेदाचे नॅनोकण असतात ते एमआरएनए लशींत. आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनी घेतली ती कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन. एकीत निरुपद्रवी केलेला अॅडिनोव्हायरस, दुसरीत मारलेला कोरोना विषाणू. मेदाचे नॅनोकण दोन्हींत नाहीत. जे अंगात गेलंच नाही ते काढायला चांदी प्यायची, आणि एकाच मेसेजमध्ये एक नॅनोकण विष आणि दुसरा अमृत! मेदाचा कण पेशीत मोडून पचतो, चांदी मूलद्रव्य आहे, ती मोडून कशात जाणार?

तीर्थात चांदी टाकण्याबद्दल जरा गंभीरपणे बोलायला हवं, कारण सिंहस्थ तोंडावर आहे आणि बाटल्या भरून पाणी गावोगाव जाणार. पाणी निर्जंतुक करायला चांदी संथ आणि बेभरवशाची, जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या आढाव्यात तिची भलामण केलेली नाही. सांडपाण्यातली रसायनं तर तिने जातच नाहीत. प्यायचंच असेल तर उकळा, नाहीतर आशाताई देतात ते मेडिक्लोरचे, म्हणजे क्लोरीनचे, थेंब घाला. ग्रामपंचायत टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते ते उगाच नाही.

आत्याची थायरॉइडची गोळी चालू आहे, सकाळी उपाशीपोटी. मेसेजमध्ये पाणी प्यायची वेळही तीच. चांदीमुळे थायरॉक्सिन (थायरॉइडच्या गोळीतलं औषध) आणि काही अँटिबायोटिक आतड्यातून नीट शोषली जात नाहीत, ही नोंद अमेरिकेच्या पूरक उपचार केंद्राच्या साध्या माहितीपत्रकातही आहे. निळं व्हायला वर्षं लागतील, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बिघडायला लागणार नाहीत. तिच्या ग्रुपवर ही गोळी घेणाऱ्या किती बायका आहेत ते तिलाच माहीत.

ज्यांनी प्यायला सुरुवात केली आहे त्यांनी थांबावं. हिरड्या आणि नखाच्या मुळाशी असलेली पांढरी चंद्रकोर उजेडात पाहावी, निळसर झाक बऱ्याचदा तिथे आधी येते. थायरॉइडची गोळी असेल तर टीएसएच पुन्हा करून घ्यावं, आणि डॉक्टरांना चांदीचं पाणी पीत होतो हे न लाजता सांगावं, नाहीतर ते उगाच गोळीचा डोस वाढवून बसतील.