अकरा वाहिन्यांची गोष्ट राहून गेली

ॲक्युपंक्चरवरचा लेख आवडला. चिनी वैद्यकात शरीरातली प्राणशक्ती ज्या मार्गांनी वाहते असं मानतात, त्या वाहिन्यांबद्दलचं त्यातलं "बाराही वाहिन्या पाच हजार वर्षं जशाच्या तशा चालत आल्या" हे वाक्य खटकलं. १९७३ साली चीनच्या हुनान प्रांतात, चांगशाजवळच्या मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मधल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सापडले. त्यांत वाहिन्या अकराच आहेत! हृदयावरणाची वाहिनी त्यात नाही. सुया टोचायच्या बिंदूंची नावंही नाहीत. उपाय सांगितलाय तो दवण्याच्या जातकुळीतल्या वनस्पतीची वाळलेली पानं जाळून शेक देण्याचा. शिवाय एका ग्रंथात सगळ्या वाहिन्या हातापायांकडून धडाकडे जातात. फुप्फुसापासून निघून यकृतापर्यंत आणि पुन्हा फुप्फुसाकडे, असं बारा वाहिन्यांचं अखंड चक्र पुढे 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात दिसतं.

मला तर हा बदलच सगळ्यात मोलाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या वैद्य रोग्याकडे बघत होते, दुखणं कुठून कुठे सरकतं ते टिपत होते, आधीचं दुरुस्त करत होते. मूत्राशयाची वाहिनी बघा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून डोक्यावरून, पाठीच्या कण्याशेजारून, पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत. कंबरेतून पायात उतरणारी कळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना हा मार्ग ओळखीचा वाटेल. लेखात हा इतिहास जरूर जोडा.