जळतंय म्हणजे घाण निघतेय, म्हणे!

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात रात्री साडेनऊला, चेहऱ्याला घरीच अ‍ॅसिड लावून बसलेल्या भाचीचा फोन आला. "मामा, तोंड जळी ऱ्हायनं. पानी लावू का नको?"

मी अमळनेरला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. अंगावर अ‍ॅसिड उडालं तर पाणी लावायचं का, हे अकरावीचं पोरगंही विचारत नाही, आधी नळाकडे पळतं. शिकलेली भाची मात्र विचारत होती, कारण मेसेजात लिहिलं होतं: "२० मिनिटे होईपर्यंत पाणी लावू नका, नाहीतर गुण येणार नाही."

मेसेज आमच्याच घरच्या ग्रुपवर, माझ्याच वहिनींनी टाकलेला. मथळा 'लग्नसराईसाठी खास'. सांगणं थोडक्यात असं: केमिकल पील (अ‍ॅसिड लावून चेहऱ्याचा वरचा थर उतरवणं) घरीच करा, हजारो रुपये वाचवा, अ‍ॅसिड उसातलं, म्हणून साइड इफेक्ट शून्य, टक्के जितके जास्त तितका गुण जास्त, जळजळ होते म्हणजे आतली घाण जळते, चेहऱ्यावर पांढरट झाक आली की समजा रंग उजळला, सावळ्यांना तर हमखास फरक. शेवटी जोडलेले हात आणि 'सर्व बहिणींना पाठवा'. बहिणींनी पाठवलाही. पंधरा दिवसांत मला तो चार ठिकाणांहून आला.

उसाचं आधी उरकतो. मेसेजातलं ग्लायकोलिक अ‍ॅसिड उसात असतं, कबूल. बाटलीतलं बहुतेक कारखान्यात तयार होतं, पण ते सोडा, उसातून काढलं असतं तरी काय फरक पडणार होता? बिब्बा तर थेट झाडाचा. बिब्बा उतलेलं अंग ज्याने एकदा पाहिलंय, त्याला नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं सांगून बघा.

आता ती जळणारी 'घाण'. चेहऱ्यात घाणीचा साठा नसतो. अ‍ॅसिड लावल्यावर वरच्या थरातल्या मेलेल्या पेशींची पकड सुटते, एवढंच पीलचं काम. थोडं चुणचुणणं त्यात येतंच, डॉक्टरांकडेही येतं. पण ते पंखा धरून बसलेले असतात, नजर चेहऱ्यावर आणि हात अ‍ॅसिड शमवणाऱ्या सोड्याच्या पाण्याजवळ. वेळ मिनिटांत मोजतात, आणि कातडी काही वेगळं सांगायला लागली की घड्याळाकडे न बघता थांबवतात.

ती पांढरट झाक म्हणजे तर कहर आहे. अंडं तव्यावर टाकलं की पांढरं होतं, ते उजळतं का? त्यातली प्रथिनं गोठतात. चेहऱ्यावरही तेच होतं. ग्लायकोलिक लावलेलं असताना कातडी पांढरी पडली तर डॉक्टर त्याच क्षणी ते शमवतात. पीललाच वापरतात त्या ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचं आणखी वाईट: ते लागलं तिथली प्रथिनं गोठली की नंतर धुऊन काही परत येत नाही. म्हणजे ज्या खुणेला जाणकार माणूस हात आखडता घेतो, त्याच खुणेला या मेसेजात टाळ्या आहेत.

टक्क्यांचं गणित माझ्या विषयातलं, म्हणून थोडं ऐकून घ्या. भाचीच्या बाटलीवर ३० टक्के लिहिलं होतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं जहाल), कुठेच नव्हता. नुसत्या टक्क्यांवरून अ‍ॅसिड किती चावेल ते कळत नाही. ग्लायकोलिकचं काही न मिसळता ३० टक्क्यांचं द्रावण केलं तर पीएच दीडच्या आसपास येतो. साडेतीनच्या तुलनेत हायड्रोजन आयन शंभरपट. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनं तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने १९९८ साली घरच्या वापरासाठी मर्यादा घातली ती १० टक्क्यांची, आणि पीएच साडेतीनच्या खाली नको. ३० टक्के फक्त प्रशिक्षित माणसाच्या हातून, थोडा वेळ, लगेच धुऊन, आणि तेही पीएच तीनच्या खाली नाही. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-प्रसाधनांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, लोकांना स्पष्ट बजावलं की असली तीव्र पील्स डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकतही घेऊ नका.

"ते गोऱ्यांचं झालं," असं वहिनी म्हणाल्याच. मग आपल्याकडचं बघा. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली पील्सची मार्गदर्शक तत्त्वं छापली. त्यात लिहिलंय की पील करणारा डॉक्टर त्वचारोगात पदव्युत्तर शिकलेला असावा, आधी दोन ते चार आठवडे क्रीम आणि सनस्क्रीन लावून कातडी तयार करावी, आणि खोलवर जाणारं पील भारतीय त्वचेला करूच नये. कारण साधं आहे. आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी जास्त कामसू. भाजलं, खरचटलं, पुरळ फुटला की त्या जागी काळा डाग ठेवून जातात. सावळ्यांना हमखास फरक पडतो हे खरंच, फक्त उलट्या बाजूने. त्यात पील झालेल्या कातडीला ऊन जास्त बाधतं, आणि हे करायचं कधी, तर चैत्र-वैशाखात, जेव्हा भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि नवरी भरदुपारी बस्त्याला हिंडते!

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. पील म्हणजे विष नव्हे. मुरुमाच्या डागांना, वांगाला सौम्य पीलचा उपयोग होतो. पैशाचं दुखणंही खोटं नाही. तालुक्याच्या गावाहून जळगाव किंवा धुळ्याला जायचं म्हणजे एक दिवसाचा रोज बुडतो, वर फी आणि एस.टी.चं भाडं. त्यात तीन-चार वेळा जावं लागतं. म्हणूनच अशा मेसेजला गिऱ्हाईक मिळतं, हे मला कळतं. पण मग बाटलीचे सातशे आणि त्यानंतर दुरुस्तीचे चार हजार, हा कुठला हिशेब?

भाचीला मी फोनवरच वीस मिनिटं गार पाण्याखाली चेहरा धरायला लावला. दोन्ही गालांवर तपकिरी खपली धरली, ती गळाली आणि खाली काळे चट्टे निघाले. डॉक्टरांनी खरवडायचं नाही, उन्हात जायचं नाही, सनस्क्रीन चुकवायचं नाही, असं सांगितलंय. डाग फिकट व्हायला काही महिने जातील. तिची हळद वैशाखातच लागली. फोटोवाल्याने फोटोत गाल 'साफ' करून दिले, त्याचे वेगळे पैसे.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. वहिनींनी मेसेज काढून टाकला, माफीही मागितली. तासाभराने त्यांचा वेगळा मेसेज आला: "भाऊ, उरलेलं कोपरांना लावलं तर चालेल का? सातशेची बाटली आहे."

बाटली आता कॉलेजच्या अ‍ॅसिडच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे.